चांदीच्या नाण्यावरचा डायनोसॉर

इंग्लंडहून परतलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी येताना एक चांदीचे नाणे आणले. नाणे सात बाजूंचे आहे. एका बाजूला राणी दुसरी एलिझाबेथ यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एक डायनोसॉर. डायनोसॉरच्या जोडीला इंग्रजी अक्षरांत दोन शब्द आणि एक साल आहे: इग्वानोडॉन, मँटेल, १८२५. स्नेह्यांची मुलगी नववीत शिकते. नाणे आमच्या हातात देत तिने विचारले, "काका, मँटेल हे गावाचं नाव का माणसाचं? आणि हा डायनोसॉर १८२५ साली सापडला का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. गिडिऑन मँटेल हे इंग्लंडमधील एका छोट्या गावातले डॉक्टर. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळे होणार होतो, पण थांबलो. या प्राण्याचे पहिले दात मँटेल यांना १८२५ च्या आधीच मिळाले होते. नाण्यावर दिसतो तसा, डोक्यापासून शेपटीपर्यंतचा प्राणी समजला तो त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच देशात. मग १८२५ साली झाले तरी काय?

विचार करता लक्षात आले की या नाण्यावरचे चित्र बरोबर आहे, नाव बरोबर आहे आणि सालही बरोबर आहे. पण तिन्ही एकत्र वाचून मुलांच्या मनात जे उभे राहते ते चुकीचे असते. 'मँटेल नावाच्या माणसाला १८२५ साली असा प्राणी सापडला' हे वाक्य कुठेही लिहिलेले नसते, तरी आपण ते वाचतो. शास्त्रज्ञाचे नाव, शोध आणि पुढे कंसात साल, अशा ओळी आपल्या पाठ्यपुस्तकांतही असतातच. म्हणून हे नाणे जरा सावकाश वाचू या.

नाणे आणि त्याची चांदी

ब्रिटनच्या शाही टाकसाळीने २०२० साली 'डायनोसॉरिया' या नावाने पन्नास पेन्सच्या तीन नाण्यांचा संच काढला. ब्रिटनच्या अधिकृत नाण्यांवर डायनोसॉर येण्याची ही पहिलीच वेळ. प्राणी तीन होते: मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. चित्रे रॉबर्ट निकल्स या चित्रकारांनी काढली. लुप्त झालेल्या प्राण्यांची चित्रे जीवाश्मांच्या आधाराने काढणे हेच त्यांचे काम आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील तज्ज्ञांचा सल्लाही त्यासाठी घेतला होता. हीच नाणी साध्या धातूत, चांदीत आणि सोन्यातही काढली गेली.

कायद्याने चांदीचे नाणेही पन्नास पेन्सचेच. पण ते दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे देऊन घ्यावे लागते, त्यामुळे त्याने कुणी बाजारहाट करत नाही. ब्रिटनच्या रोजच्या चलनातून चांदी केव्हाच गेली आहे. १९२० साली तिथल्या चांदीच्या नाण्यांतले चांदीचे प्रमाण साडेब्याण्णव टक्क्यांवरून निम्म्यावर आणले आणि १९४७ पासून त्या जागी तांबे व निकेल यांचा मिश्रधातू आला. आपल्याकडेही जवळपास हेच घडले. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. तेव्हापासून नाण्यातली चांदी उरली ती मुख्यतः कशाची तरी आठवण ठेवण्यासाठी.

आमच्या हातातल्या नाण्याचे वजन ८ ग्रॅम आणि रुंदी २७.३ मिलिमीटर. त्यात ९२.५ टक्के चांदी म्हणजे ७.४ ग्रॅम, बाकीचे मुख्यतः तांबे. शुद्ध चांदी मऊ असते, लवकर झिजते. तांब्याने तिला कणखरपणा येतो. साध्या धातूच्या पन्नास पेन्सच्या नाण्याचे वजन आणि रुंदी अगदी हीच आहे. मग दोन्ही नाण्यांत फरक कुठे पडेल? वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. या चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.४ ग्रॅम, तांबे-निकेल मिश्रधातूची सुमारे ८.९. वजन आणि रुंदी तीच ठेवायची तर चांदीचे नाणे पातळ असायला हवे, साधारण सातव्या हिश्शाने.

सात बाजूंचेही एक गणित आहे. १९६९ साली हे नाणे प्रथम निघाले तेव्हा ते यंत्रातून गोल नाण्यासारखेच घरंगळले पाहिजे, ही गरज होती. म्हणून त्याच्या बाजू सरळ नाहीत. प्रत्येक बाजू हा समोरच्या कोपऱ्यावर कंपासचे टोक ठेवून काढलेला कंस आहे. त्यामुळे नाणे कसेही फिरवले तरी त्याची रुंदी तेवढीच राहते. पुठ्ठ्याचा असा सप्तकोन कापून दोन समांतर पट्ट्यांमध्ये फिरवला, तर मुलांना हे स्वतःच पडताळता येईल.

नाणे पाडताना कोऱ्या चकतीवर पोलादी ठसा जोराने दाबतात. ठशावर प्राणी उलटा आणि खोलगट कोरलेला असतो, तो नाण्यावर सुलटा आणि उठावदार उमटतो. संग्राहकांच्या नाण्यांसाठी ठसे आणि चकत्या आधी घासूनपुसून चकचकीत करतात आणि एकच नाणे एकाहून अधिक वेळा दाबतात, म्हणून बारीक रेषाही नीट उतरतात. जीवाश्मांच्या अभ्यासकाला हा शब्द ओळखीचा आहे. चिखलात उमटलेले पाऊल किंवा शिंपला विरघळून गेल्यावर दगडात राहिलेली पोकळी, यांनाही आपण ठसाच म्हणतो. मात्र टाकसाळीतला ठसा पूर्ण असतो. निसर्गातला ठसा बहुधा तुटका, अर्धवट असतो आणि उरलेला भाग माणसाला आपल्या बुद्धीने भरावा लागतो. इग्वानोडॉनची सारी कहाणी या 'भरण्या'ची आहे.

साल: १८२५

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यात लुईस नावाचे गाव आहे. मँटेल तिथे डॉक्टरकी करीत आणि उरलेल्या वेळात जीवाश्म गोळा करीत. जवळच्या कक्फील्ड गावच्या खाणीतून त्यांच्याकडे हाडे आणि दात येत. १८२२ च्या सुमारास त्यांच्या संग्रहात काही विलक्षण मोठे दात होते. दातांची टोके चावून चावून झिजलेली होती. म्हणजे प्राणी वनस्पती चावून खाणारा असला पाहिजे. पण खडकाच्या वयावरून तो सरपटणारा प्राणी असावा असे दिसत होते, आणि त्या वेळी माहीत असलेला एकही सरपटणारा प्राणी असे चर्वण करीत नव्हता.

१८२३ साली चार्ल्स लायेल यांनी एक दात पॅरिसला नेऊन क्युव्हिए यांना दाखवला. प्राण्यांच्या शरीररचनेत त्या काळी त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी पहिल्या नजरेत तो गेंड्याचा दात ठरवला. इंग्लंडमधल्या जाणत्यांनीही फारसा उत्साह दाखवला नाही. मँटेल यांनी मात्र दात सोडले नाहीत. पुढच्या वर्षी ते लंडनच्या शल्यवैद्यांच्या संस्थेच्या संग्रहालयात गेले. तिथे सॅम्युएल स्टचबरी या साहाय्यकाने त्यांना इग्वाना या अमेरिकेतल्या सरड्याचा सांगाडा दाखवला. दातांचा घाट तोच, आकार मात्र वीसेक पट लहान. क्युव्हिए यांनीही नंतर आपले मत बदलले आणि हा शाकाहारी सरपटणारा प्राणी असावा हे मान्य केले. फेब्रुवारी १८२५ मध्ये मँटेल यांचा लेख रॉयल सोसायटीत वाचला गेला. प्राण्याला त्यांनी नाव दिले इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानासारखे दात असलेला. हे नावही विल्यम कॉनिबेअर या मित्राने सुचवलेले होते.

तेव्हा १८२५ हे साल प्राणी सापडल्याचे नाही. त्याला रीतसर नाव देऊन वर्णन छापले गेल्याचे ते साल आहे. प्राणिशास्त्रात प्राण्याच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याची रीत आहे. नाण्यावर उतरली आहे ती हीच रीत. दुसऱ्या दोन नाण्यांवरही 'मेगॅलोसॉरस, बकलँड, १८२४' आणि 'हायलिओसॉरस, मँटेल, १८३३' असेच आहे.

मेगॅलोसॉरसच्या बाबतीत तर हे अंतर फारच मोठे आहे. त्याचे असावे असे मांडीच्या हाडाचे एक टोक ऑक्सफर्डच्या रॉबर्ट प्लॉट यांनी १६७७ सालीच पुस्तकात चित्रासह छापले होते. आधी त्यांना ते हत्तीचे वाटले आणि मग एखाद्या राक्षसी माणसाचे. बकलँड यांनी जबड्याच्या तुकड्यावरून आणि इतर हाडांवरून 'मोठा सरडा' असे नाव दिले ते जवळजवळ दीडशे वर्षांनी. म्हणजे हाड समोर होते, चित्रही छापलेले होते. त्या हाडाकडे पाहून विचारायचा प्रश्न मात्र अजून तयार व्हायचा होता.

आणखी एक साल नाण्यावर नाही, पण संचाच्या नावात आहे. १८४१ च्या उन्हाळ्यात प्लिमथ येथील विज्ञानसभेत रिचर्ड ओवेन यांनी ब्रिटनमधल्या लुप्त सरीसृपांचा आढावा घेतला. १८४२ साली तो छापून आला, त्यात 'डायनोसॉरिया' हा नवा गट होता. हे तीन प्राणी त्यांनी एका गटात टाकले ते नुसत्या आकारावरून नव्हे. तिघांचेही कमरेतले मणके एकमेकांना जुळून एकसंध झालेले होते आणि पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नसून खांबासारखे सरळ अंगाखाली होते. संचासाठी हेच तीन प्राणी का निवडले, याचे उत्तर इथे मिळते. 'डायनोसॉर' हा शब्द या तीन प्राण्यांसाठी जन्मला.

एका गटात असले तरी हे तिघे सोबती नव्हते. मेगॅलोसॉरस सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा, तर इग्वानोडॉन सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांत चार कोटी वर्षांचे अंतर आहे. संचाच्या पेटीत मात्र ते शेजारी शेजारी बसतात.

चित्र: चार वेळा काढलेला प्राणी

आता चित्राकडे वळू. हे नाणे वेगवेगळ्या काळी पाडले असते तर त्यावर काय दिसले असते?

१८२५ साली पाडले असते तर चित्र एका अजस्र सरड्याचे झाले असते. मँटेल यांचा हिशेब सरळ होता. दात इग्वानाच्या वीसपट, इग्वाना साधारण तीन फूट लांब, तेव्हा हा प्राणी साठ फूट, म्हणजे अठरा मीटर. एका अवयवाच्या प्रमाणात सगळे शरीर मोठे होते हे त्यांनी गृहीत धरले. ते खरे नसते. इग्वानोडॉनची लांबी आज नऊ ते अकरा मीटर मानली जाते. त्यांच्याकडे एक टोकदार शंकूसारखे हाडही होते. ते कुठे बसवावे हे कळेना, तेव्हा गेंड्याच्या शिंगासारखे नाकावर बसवले.

१८५४ साली पाडले असते तर चित्र चार जाडजूड पायांवर उभ्या असलेल्या, नाकावर शिंग असलेल्या प्राण्याचे झाले असते. त्या वर्षी लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या बागेत शिल्पकार वॉटरहाउस हॉकिन्स यांनी या तिन्ही डायनोसॉरचे भव्य पुतळे उभे केले. सल्ला ओवेन यांचा होता. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून शास्त्रज्ञांना मेजवानी दिली होती, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कमी वाचायला मिळते. या प्राण्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बारीक असावेत, हे मँटेल यांच्या अखेरच्या वर्षांत लक्षात येऊ लागले होते. पण १८५२ साली ते वारले आणि पुतळे ओवेन यांच्या कल्पनेप्रमाणे झाले. ते पुतळे आजही त्या बागेत उभे आहेत.

१८८३ साली पाडले असते तर चित्र पुन्हा बदलले असते. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, खाणकामगारांना हाडे लागली. एकदोन नव्हे, तीसहून अधिक इग्वानोडॉन, आणि त्यांतले कित्येक जवळजवळ पूर्ण. आता अंदाजाची गरज उरली नाही. नाकावरचे 'शिंग' हा हाताच्या अंगठ्याचा काटा निघाला, आणि तो प्रत्येक हाताला एक होता. लुई दोलो यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि प्राणी मागच्या दोन पायांवर, शेपटीचा आधार घेऊन, कांगारूसारखा उभा केला. पुढची शंभर वर्षे जगभरच्या पुस्तकांत इग्वानोडॉन असाच उभा राहिला.

त्यातही एक अडचण होती. १९८० साली डेव्हिड नॉर्मन यांनी बर्निसारच्या इग्वानोडॉनचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की पाठीच्या व शेपटीच्या कण्याला अस्थिमय झालेल्या स्नायुबंधांनी ताठ धरून ठेवलेले आहे. शेपटी जमिनीवर टेकवून वर वाकवायची तर ती मोडावी लागेल. तेव्हा पाठ आडवी, शेपटी मागे ताठ उचललेली, आणि मधली तीन बोटे भार पेलण्याजोगी मजबूत असल्याने पुढचे पायही बरेचदा जमिनीवर. आजचे चित्रकार इग्वानोडॉन काढतात तो याच समजुतीने.

तेव्हा २०२० च्या नाण्यावरचा इग्वानोडॉन म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांच्या दुरुस्त्यांची बेरीज आहे. तिच्याखाली १८२५ लिहिले म्हणजे या साऱ्या दुरुस्त्या जणू मँटेल यांनीच करून ठेवल्या असे वाटू लागते. इथे एक गुंता आणखी आहे. मँटेल यांच्या मूळ दातांवरून नेमकी जात ठरवता येत नाही, तसे दात असलेले प्राणी अनेक होते. म्हणून प्राणिनामांचे नियम सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली ठरवले की यापुढे इग्वानोडॉन या नावाचा आधार बर्निसारचा सांगाडा राहील. नाव देण्याचा मान अर्थात मँटेल यांचाच राहिला. म्हणजे नाव इंग्लंडच्या दातांचे आणि शरीर बेल्जियमचे. नियमाप्रमाणे नाण्यावरचे सगळे बरोबरच आहे.

नाव: बकलँड, मँटेल आणि तीन मेरी

आता उरले नाव. इग्वानोडॉनचे दात मँटेल यांच्या पत्नी मेरी अ‍ॅन यांना रस्त्याच्या कडेला सापडले, मँटेल रोग्याच्या घरी गेले असताना त्या बाहेर फेऱ्या मारीत होत्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आम्हीही ती वर्षानुवर्षे सांगत आलो. पण तिचा पाया डळमळीत आहे. खुद्द मँटेल यांनी पुढे ते दात आपल्यालाच सापडल्याचे लिहिले, आणि पुष्कळशी हाडे त्यांना खाणकामगारांकडून मिळत होती. पुराव्याने उभी राहते ती दुसरी गोष्ट: १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या मँटेल यांच्या पहिल्या मोठ्या ग्रंथातील चित्रफलक मेरी अ‍ॅन यांनी कोरले होते. लोकांना मात्र रस्त्याच्या कडेची गोष्टच जास्त आवडते.

बकलँड यांचेही असेच. मेगॅलोसॉरसवरच्या १८२४ च्या निबंधातील हाडांची चित्रे मेरी मॉरलँड यांनी काढली. पुढच्याच वर्षी त्यांचे बकलँड यांच्याशी लग्न झाले. ज्या काळी छायाचित्रे नव्हती, त्या काळी दूरच्या शास्त्रज्ञाला हाड दिसे ते चित्रातूनच. क्युव्हिए यांच्यासारखा माणूस मत देई ते अशा चित्रांवर विसंबून. तेव्हा चित्र हा पुराव्याचाच भाग होता.

तिसरी मेरी सर्वांत मोठी. २० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या सभेत बकलँड यांनी मेगॅलोसॉरस जाहीर केला. त्याच सभेत कॉनिबेअर यांनी प्लेसिओसॉरसच्या जवळजवळ पूर्ण सांगाड्याचे वर्णन केले. तो सांगाडा दोनच महिन्यांपूर्वी लाइम रीजिसच्या समुद्रकाठच्या कड्यातून मेरी अ‍ॅनिंग यांनी काढला होता. त्या २४ वर्षांच्या होत्या. वडील सुतार, ते लवकर वारले. कड्यातले जीवाश्म काढून विकणे हाच घरचा आधार होता. त्या सभेला त्या नव्हत्या, असणे शक्यही नव्हते. त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते १९१९ साली. मेरी अ‍ॅनिंग १८४७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी वारल्या. त्यांनी काढलेल्या प्राण्यांना नावे इतरांनी दिली.

शाही टाकसाळीने २०२१ साली दुसरा संच काढला तो मेरी अ‍ॅनिंग यांच्या सन्मानार्थ. त्यावर टेम्नोडोन्टोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन असे तीन प्राणी आहेत. पहिल्याचा सांगाडा मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ यांनी १८११-१२ मध्ये काढला, तेव्हा मेरी अवघी बारा-तेरा वर्षांची होती. टेम्नोडोन्टोसॉरस हे नाव मात्र १८८९ सालचे, रिचर्ड लायडेकर यांनी दिलेले. सापडणे आणि नाव मिळणे यांत पाऊणशेहून अधिक वर्षे गेली. 'नाव देणारा आणि साल' ही रीत पाळली तर मेरी यांचा उल्लेख कुठेच आला नसता. दुसरा संच काढताना टाकसाळीला ती रीत बाजूला ठेवावी लागली. २०२२ साली लाइम रीजिसला मेरी यांचा पुतळा बसला, आणि ती मोहीम एका शाळकरी मुलीने सुरू केली होती, हेही सांगण्याजोगे आहे.

या संचाबद्दल शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. त्यातला एकही प्राणी डायनोसॉर नाही. पहिले दोन समुद्रात राहणारे सरीसृप, तिसरा उडणारा. 'जुने आणि अवाढव्य म्हणजे डायनोसॉर' ही समजूत ओवेन यांच्या कसोटीवर टिकत नाही. कमरेची आणि पायांची रचना पाहावी लागते.

टाकसाळीत पोचलेली हाडे

डायनोसॉर आणि टाकसाळ यांचा संबंध आपल्या देशात फार पूर्वी आला होता, मात्र नाण्यावर नव्हे. १८२८ साली, म्हणजे 'डायनोसॉर' हा शब्द जन्मण्याच्या तेरा-चौदा वर्षे आधी, जबलपूरजवळच्या एका टेकडीत विल्यम स्लीमन यांना शेपटीचे मोठाले मणके मिळाले. हे तेच स्लीमन, ठगांचा बंदोबस्त केला म्हणून इतिहासात ओळखले जाणारे. मणके डॉक्टर स्पिल्सबरी यांच्याकडून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. प्रिन्सेप कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूची कस पाहणारे अधिकारी होते. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी पुढे १८३७ मध्ये वाचणारे प्रिन्सेप ते हेच. ती नुसती दगड नाहीत, जीवाश्म हाडे आहेत, हे त्यांनी ओळखले. पण कोणत्या प्राण्याची, हे सांगणारे ज्ञान तेव्हा कुणापाशीच नव्हते.

अखेर १८७७ साली लायडेकर यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. टेम्नोडोन्टोसॉरसला नाव देणारे लायडेकर ते हेच. रीतीप्रमाणे या प्राण्याचा उल्लेख 'टायटॅनोसॉरस इंडिकस, लायडेकर, १८७७' असा होतो. स्लीमन, स्पिल्सबरी, प्रिन्सेप कुणीच त्यात नाही. आणि गोष्ट तिथेही संपली नाही. मँटेल यांच्या दातांचे झाले तेच या मणक्यांचे झाले. २००३ साली दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की असे मणके त्या कुळातील अनेक प्राण्यांत असतात, त्यांवरून एक जात ठरवता येत नाही. तेव्हा ते नाव आता भरवशाचे मानले जात नाही. म्हणजे नावापुढचे सालही कायमचे नसते.

मुलीला काय सांगितले

यावरून नाव आणि सालाची रीत टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती रीत फार उपयोगी आहे. कोणते नाव कोणत्या लेखातून आले हे तिच्यामुळे नेमके शोधता येते, आणि दोन नावे भांडू लागली तर जुने कोणते हे ठरवता येते. ती एक प्रकारची पोच आहे. घोटाळा होतो तो ती पोच म्हणजेच सारा इतिहास असे समजल्याने. टाकसाळीला दोन शब्दांत आणि चार आकड्यांत भागवावे लागते, नाण्यावर जागाच तेवढी असते. वर्गात आपल्याला पस्तीस मिनिटे तरी मिळतात.

मुलीला आम्ही इतकेच सांगितले: "१८२५ साली या प्राण्याला नाव मिळालं. दात त्याच्या आधी मिळाले, अंगठा १८७८ नंतर कळला, आणि शेपटी जमिनीवरून उचलली गेली १९८० मध्ये." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग उद्या आणखी काही कळलं तर हे नाणं चुकीचं ठरेल?" आम्ही म्हटले, "चित्र चुकीचं ठरेल. नाणं राहील, आणि २०२० साली आपल्याला काय वाटत होतं ते त्यावरून पुढच्यांना कळेल." क्रिस्टल पॅलेसच्या बागेतले पुतळे आज आपण अशाच दृष्टीने पाहतो.

शेवटी वर्गासाठी एक सूचना. जबलपूरच्या मणक्यांच्या स्मरणार्थ चांदीचे नाणे काढायचे आहे असे समजून मुलांना कागदावर एक वर्तुळ आखायला सांगावे. त्यात एक चित्र, एक नाव आणि एक साल एवढेच बसेल. नाव स्लीमन यांचे घालायचे, प्रिन्सेप यांचे की लायडेकर यांचे? साल १८२८ की १८७७? आणि हाती फक्त शेपटीचे मणके असताना चित्र पूर्ण प्राण्याचे काढायचे, की मणक्यांचेच? प्रत्येक गटाने आपली निवड करावी आणि का केली ते चार ओळींत लिहावे. ते नाणे आमच्याकडेच ठेवून गेलेल्या त्या मुलीला आम्ही हाच गृहपाठ दिला. तिने वर्तुळात फक्त दोन मणके काढले, साल १८२८ घातले आणि नावाची जागा कोरी ठेवली. का, असे विचारले तेव्हा म्हणाली, "टेकडी खणली कुणी ते तुम्ही सांगितलंच नाही, काका."